तालुक्याच्या साप्ताहिकात छोट्या जाहिराती आणि करमणुकीचं पान कसं चालवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तासगाव तालुक्यात आठ पानी साप्ताहिक आहे, वडिलांच्या हातून चालत आलेलं. त्यातलं सहावं पान छोट्या जाहिराती आणि गावोगावच्या करमणुकीला द्यायचं मनात आहे. घरातलेच विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं फुकट टाकता येतं, मग पैसे मोजून जाहिरात देणार कोण? दर काय लावावा, कार्यक्रमांची माहिती आणावी कुठून आणि हे पान सांभाळायला माणूस कसा हवा, हे तुम्ही विचारलंय.

माझा कामाचा सगळा काळ सांगलीत जाहिरात विभागात गेला. टेबलावर येणारे चिठोरे, फोनवरून सांगितलेल्या ओळी आणि पान सोडायच्या वेळी हमखास उरणारी रिकामी चौकट, यांच्याशीच गाठ. त्यावरून सांगतो.

पान जरूर काढा, पण छोट्या जाहिरातींवर घर चालेल या हिशेबाने काढू नका. त्यांच्यातून कागद-छपाईचा भार थोडा हलका होतो, इतकंच. त्यांचा उपयोग वेगळा आहे. त्यांच्यासाठी माणूस अंक उघडतो. आणि अंक उघडला जातो म्हणूनच शेजारच्या जाहीर नोटिशीला, पुण्यस्मरणाच्या चौकटीला, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला पैसे मिळतात. छोट्या जाहिरातींचा हिशेब त्या पानापुरता मांडलात तर सहा महिन्यांत पान बंद कराल. पूर्ण अंकाचा मांडलात तर टिकेल.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल घरातल्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. फुकट आहे, झटपट आहे, फोटोही जातो. पण ट्रॅक्टर विकून दोन महिने झाले तरी तो मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरत असतो आणि मालक फोन घेऊन घेऊन वैतागलेला असतो. ‘खोली भाड्याने देणे आहे’ एवढंच लिहिलेलं असतं, ती खोली कुठल्या गावात आहे याचा पत्ता नसतो. फिरत्या मेसेजला तारीख नसते आणि त्याचा जाब विचारायला समोर कुणी नसतं. तुमच्या अंकावर तारीख आहे, संपादकाचं नाव आहे, छापखान्याचा पत्ता आहे. विकण्यासारखी तुमच्याकडे एकच गोष्ट आहे: छापण्याआधी कुणीतरी फोन करून खात्री केली आहे. ते करायची तयारी नसेल तर सहाव्या पानावर राशिभविष्य छापा, तेही लोक वाचतात.

छोटी जाहिरात लोक बातमी म्हणूनच वाचतात. कुणाची बाग विकायला निघाली, कुठल्या दवाखान्याला रिसेप्शनिस्ट पाहिजे म्हणजे आधीची का गेली, पेठेतला कोणता गाळा रिकामा झाला, यावर पारावर चर्चा होते. ज्याला काही घ्यायचं-विकायचं नाही तोही हे पान आधी वाचतो. म्हणून ती जाहिरात बातमीसारखी तपासून, बातमीसारखी लिहून घ्यायची. देणारा कसा लिहून आणतो? ‘उत्तम स्थितीतील ट्रॅक्टर त्वरित विकणे आहे. सुवर्णसंधी दवडू नका. योग्य किंमत येताच देणे.’ यात वाचणाऱ्याच्या कामाचं काहीच नाही. टेबलावरच्या माणसाने विचारायचं: किती एच.पी.? कुठल्या सालचा? टायर कसे आहेत? आर.सी. कुणाच्या नावावर? बँकेचा बोजा आहे का? पाहायला कुठे यायचं? उत्तरं मिळाली की जाहिरात अशी होते: ‘४५ एच.पी. ट्रॅक्टर, २०१६ मॉडेल. मागचे टायर नवे. आर.सी. मालकाच्या नावे, बोजा नाही. अपेक्षा ३ लाख. मणेराजुरी येथे सकाळी ८ ते १० पाहता येईल.’ आणि खाली फोन नंबर. शब्द जवळपास दुप्पट लागले, पण हिला फोन येतात. ज्याला फोन आले तो पुढच्या वेळी स्वतःहून येतो आणि चार जणांना सांगतो. ‘त्वरित’, ‘सुवर्णसंधी’, ‘संपर्क साधावा’ हे शब्द तुमच्या पानावरून कायमचे काढून टाका. त्यांनी जागा खाल्ली तेवढीच.

किंमत छापायला माणसं कचरतात. आग्रह धरा. किंमत नसलेल्या जाहिरातीला निम्मे फोन नुसते चौकशीचे येतात आणि देणाऱ्याला वाटतं, पेपरचा उपयोग नाही.

तुमच्या तालुक्यात या जाहिरातींना हंगाम असतो, आणि तो द्राक्षाच्या वेळापत्रकावर चालतो. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचे दिवस: शेड भाड्याने, रॅकच्या जाळ्या, निवडणीला बायका पाहिजेत, कोल्ड स्टोअरेजमध्ये जागा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्या आधी पंधरा दिवस छाटणीच्या टोळ्या आणि ब्लोअर. जूनमध्ये क्लास, कॉट बेसिसवर खोल्या, जुनी पुस्तकं. दसऱ्यानंतर ऊसतोडीची वाहनं, ट्रॉल्या, टायर. हे कॅलेंडर भिंतीवर लावा आणि हंगामाच्या तीन आठवडे आधी माणसांना तुम्हीच फोन करा. जाहिरात आपल्या पायांनी चालत येईल म्हणून वाट पाहत बसणारा जाहिरात विभाग मी तरी चाललेला पाहिला नाही. अंक आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातात पडला पाहिजे. बाजार झाल्यावर आलेल्या अंकातली जाहिरात आठवडाभर शिळी होत पडते.

दराबद्दल. छोट्या जाहिरातीला शब्दांवर दर लावू नका. लोक शब्द वाचवायला गावाचं नाव गाळतात आणि मग तुमचंच काम वाढतं. वीस-पंचवीस शब्दांपर्यंत एक ठरीव रक्कम ठेवा. ती चहा-नाश्त्याच्या बिलाएवढी असू द्या, म्हणजे देताना विचार करावा लागत नाही. दोन अंकांचे पैसे भरले तर तिसरा मोफत. वस्तू विकली गेली की फोन करायला सांगा, तिसऱ्या अंकातून जाहिरात काढा आणि त्या जागी ‘विकला गेला’ असं छापा. त्या दोन शब्दांनी जितकी नवी गिऱ्हाइकं येतात तितकी कुठल्याच योजनेने येत नाहीत.

चौकटीच्या जाहिरातींचा हिशेब मात्र कॉलम-सेंटिमीटरनेच करायचा. दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच म्हणजे वीस कॉलम-सेंटिमीटर. दर ५० रुपये धरला तर १,००० रुपये. छापील जाहिरातीच्या जागेवर जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे बिल १,०५० चं. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल तर जीएसटी लावायचा नाही, बिलावर तसं लिहायचंही नाही. एजन्सीमार्फत आलेल्या जाहिरातीवर १५ टक्के कमिशनची जुनी रीत आहे. ती पाळा, पण ‘आर.ओ.’ (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची एजन्सीची लेखी ऑर्डर) हातात आल्याशिवाय जागा अडवू नका. फोनवरचं ‘टाका, आर.ओ. पाठवतो’ हे वाक्य वसुलीच्या वेळी कुणाला आठवत नाही.

आता काय घ्यायचं नाही, ते. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पहिल्या वर्षी पैशाची ओढ असते तेव्हाच असल्या जाहिराती रोख पैसे घेऊन दारात येतात. ‘जाहिरातींची खातरजमा वाचकांनी करावी’ अशी बारीक ओळ छापली की आपण सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रेस कौन्सिलच्या निकषांत अंकातल्या सगळ्या मजकुराची, जाहिरातींसकट, जबाबदारी संपादकाची धरली आहे. जबाबदारी झटकायची तर ते आधीच स्पष्ट लिहावं लागतं. आणि कायदा राहू दे बाजूला. तासगावात तुमचं घर कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यात जास्त येतात त्या प्लॉटच्या. ‘एक गुंठा फक्त अमुक लाखात, आजच बुकिंग.’ सांगली शहराच्या कडेने गुंठेवारीच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्या नियमित करायला २००१ साली वेगळा कायदा करावा लागला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून विचारा: एन.ए. (बिगरशेती) झालं आहे का, सातबारा कुणाच्या नावावर, लेआउट मंजूर आहे का. प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर असेल आणि आठपेक्षा जास्त घरं-प्लॉट असतील तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक जाहिरातीत लागतोच. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. ‘नंबर लवकरच येतोय’ म्हणणाऱ्याला सांगा, जाहिरातही मग तेव्हाच येईल.

दुसरा प्रकार वधू-वरांचा. आपल्याकडे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या अडचणीवर जगणारे दलाल तयार झालेत. ‘लग्न जमवून देतो, नोंदणी फी अमुक’ म्हणायचं, लांबच्या जिल्ह्यातली मुलगी दाखवायची, लग्न लावायचं, आणि आठवड्यात दागिन्यांसकट नवरी गायब. मध्यस्थांच्या जाहिराती घेऊच नका. फक्त घरच्या माणसांनी, समोर येऊन, ओळखपत्र दाखवून दिलेली जाहिरात घ्या. फोन नंबर छापण्याऐवजी बॉक्स नंबर द्या आणि पत्रं तुमच्या कार्यालयात घ्या. जुनी पद्धत आहे, वेळखाऊ आहे, पण मुलीकडची मंडळी या एका गोष्टीमुळे विश्वास ठेवतात.

‘घरबसल्या कमवा’, ‘शेतात मोबाइल टॉवर बसवा, लाखोंचं भाडं’, ‘कागदपत्रांशिवाय कर्ज’ यांच्याकडे आगाऊ पैसे मागतात का, एवढंच विचारा. मागतात, असं उत्तर आलं की विषय संपला. वशीकरण, करणी, गुप्तधनवाल्या बाबांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी काय मोजलं हे शेजारच्या जिल्ह्यातल्या पेपरवाल्याने विसरू नये. मधुमेह मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्या औषधाला १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लागतो. गर्भलिंगाबद्दल आडून सुचवणारी एक ओळसुद्धा नको. स्त्रीभ्रूणहत्येमुळे २०१७ साली गाजलेलं म्हैसाळ आपल्याच जिल्ह्यात आहे.

जाहीर नोटिशीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उत्पन्न तिथे आहे म्हणून सांगतो. जमीन किंवा घर घेण्याआधी वकील हरकती मागवणारी नोटीस देतात: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मालकाचं नाव, अमुक दिवसांत कागदपत्रांसह हरकत घ्यावी, नाहीतर कुणाचा हक्क नाही असं समजून व्यवहार पूर्ण करू. ती साप्ताहिकात चालते का, हे ज्या त्या वकिलाने आणि कर्ज देणाऱ्या बँकेने ठरवायचं. पण कोर्टाचं समन्स पेपरातून बजावायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ५ नियम २० मध्ये, त्या भागात खपणारं ‘दैनिक’ असा शब्द आहे. ते काम साप्ताहिकाने घेऊ नये. उद्या कुणी हरकत घेतली तर वकील तुमच्याकडे परत फिरकणार नाही. जी नोटीस घ्याल तिच्यातला एक काना-मात्राही बदलू नका. शुद्धलेखन चुकलं असलं तरी तसंच ठेवा, फार तर फोन करून वकिलाला विचारा. गट नंबरचं प्रूफ दोघांनी वाचायचं, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून. छापल्यावर अंकाच्या दोन पूर्ण प्रती, तारखेसकट, दुसऱ्या दिवशी वकिलांच्या टेबलावर पोहोचवायच्या. कात्रण पाठवलंत तर ते बँकेत चालत नाही.

निधन वार्तेचं गणित साप्ताहिकाला जमत नाही. दैनिकात ती फुकट छापतात आणि लोक ती रक्षाविसर्जनाच्या वेळेसाठी वाचतात. तुमचा अंक येईपर्यंत ते उरकलेलं असतं. तुम्ही उत्तरकार्य आणि वर्षाचं पुण्यस्मरण धरा. फोटो चांगला मागा. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात आलेला फोटो छापून कुणाचं समाधान होत नाही.

आता करमणूक. माझ्या मते खरी मजा इथेच आहे आणि दैनिकांनी हीच जागा तुमच्यासाठी मोकळी सोडली आहे. त्यांच्या ‘आज शहरात’च्या चौकटीत सांगलीतली व्याख्यानं आणि पुस्तक प्रकाशनं येतात. सावळजच्या किंवा मणेराजुरीच्या यात्रेत रात्री काय आहे, हे तिथे येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. यात्रा कमिटीच्या पत्रकावर तिथी असते, सणावाराचं नाव असतं, पण इंग्रजी तारीख कित्येकदा नसते, कारण गावात ती सगळ्यांना ठाऊकच असते. मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या पोराला मात्र रजा टाकायला तारीख लागते. म्हणून टेबलावर पंचांग ठेवा. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचा उरूस हिजरी महिन्यावर असतो, तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडे-तिकडे होतो. गेल्या वर्षीची तारीख उचलून छापायची सोय तिथे नाही. तुमचा तासगावचा रथोत्सव गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, हे सांगलीकरालाही माहीत असतं; पण रथ किती वाजता निघणार आणि त्या दिवशी वाहतूक कुठून वळवणार, हे पोलिस ठाण्यात विचारून छापलंत तर तो अंक घरात राहतो.

एक पत्रक घेऊन पाहू. कमिटीकडून येतं ते असं: ‘ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त भव्य दिव्य कार्यक्रम. रात्री पालखी व शोभेचे दारूकाम, नंतर लोकनाट्य तमाशा. दुसरे दिवशी सकाळी हजऱ्या, दुपारी जंगी कुस्त्यांचे मैदान. तरी सर्वांनी उपस्थित राहून शोभा वाढवावी.’ खाली चाळीस नावं, सरपंचांपासून मंडप डेकोरेशनवाल्यापर्यंत. या पत्रकातून वाचकाच्या कामाचं काय निघतं? फोन उचला. तमाशा कुठल्या फडाचा? सुपारी पक्की झाली आहे का, की अजून बोलणी चालली आहेत? किती वाजता? ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांखाली सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस ती बारापर्यंत वाढवू शकतं, तेव्हा पत्रकावर ‘रात्रभर’ छापलेलं असलं तरी परवानगी किती वाजेपर्यंतची मिळाली आहे ते विचारा. हजऱ्या, म्हणजे फडातल्या कलावंतांचा सकाळचा कार्यक्रम, कुठे, देवळापुढे की चावडीसमोर? कुस्त्या किती वाजता जोडणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन वाजता’ आलं तर मोठ्या कुस्त्या दिवस कलल्यावरच होतात, हे तुमच्या वाचकाला ठाऊक आहे. पण लहान पोरांच्या कुस्त्या पाहायला येणाऱ्या आजोबांना दोनच वाजता यायचं असतं.

कुस्तीच्या मैदानाची नोंद करताना एक नंबरची कुस्ती कुणाची, इनाम किती आणि दोन-तीन नंबरच्या जोड्या कुणाच्या, एवढं हवंच. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा हा जिल्हा आणि कुंडलच्या मैदानाला दुरून माणसं येणारा हा मुलूख. इथे जोड ऐकून माणूस मोटारसायकल काढतो. पैलवानाच्या तालमीचं आणि वस्तादांचं नाव चुकलं तर मात्र दुसऱ्या दिवशी कार्यालयात मंडळी येतील, आणि ती अंगाने आडवी असतात.

बैलगाडी शर्यतींबाबत नियम करून टाका. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पण प्रत्येक शर्यतीला प्रशासनाची परवानगी लागते. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय नोंद नाही. आदत, दुसा (हे बैलाच्या दातांवरून, म्हणजे वयावरून ठरतात), ओपन असे गट आणि प्रवेश फी लिहा. बक्षिसाची रक्कम ‘लाखोंची’ अशी नको, आकड्यात हवी.

नाटकांचं वेगळं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर तिथेच आहे, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी भावे गौरवपदक दिलं जातं ते तिथेच. हे सगळं दरवर्षी छापून येतं. छापून येत नाही ते असं: तासगावातून रात्रीच्या प्रयोगाला गेलेल्या माणसाला परतीची एस.टी. आहे का? प्लॅन (तिकीट विक्री) कधी उघडणार, तिकीट फोनवर राखून ठेवतात का, बाल्कनीला दर किती? व्यावसायिक नाटकाचा स्थानिक व्यवस्थापक तुम्हाला चौकटीची जाहिरात देईल किंवा देणार नाही, पण ही माहिती आनंदाने देईल. आणि राज्य नाट्य स्पर्धेची सांगली केंद्राची फेरी लागली की रोज कुठल्या संस्थेचं कुठलं नाटक, हे वेळापत्रक पूर्ण छापा. तिकीट फार थोडं असतं आणि तालुक्यातून हौशी नाटक पाहायला जाणारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. कारण बहुतेकांचा भाचा त्यात शिपायाचं काम करत असतो.

मिरजेला अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गाणं असतं आणि उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं चालतं. ऐकणारा खिशाला हात न लावता जाऊन बसू शकतो असे हे कार्यक्रम. तिथे ‘प्रवेश विनामूल्य’ हे दोन शब्द जाड टाइपात छापा. नवख्या माणसाला देवळात किंवा दर्ग्यात आपल्याला बसू देतील का, हीच शंका असते.

कार्यक्रमाची नोंद फुकट ठेवा. हे माझं ठाम मत आहे आणि यावर जाहिरात विभागातल्या बऱ्याच जणांशी माझं पटलेलं नाही. नोंदीचे पैसे घ्यायला लागलात की पैसे देणाऱ्यांचेच कार्यक्रम पानावर येतील, आणि पान वाचून घराबाहेर पडणाऱ्याला कळेल की गावात असलेल्या निम्म्या गोष्टी इथे नसतात. मग तो पान सोडतो, आणि त्याच्यामागोमाग चौकटीची जाहिरातही जाते. पैसे फोटोचे घ्या, मोठ्या चौकटीचे घ्या, चाळीस नावं छापायची असतील तर त्यांचे दुप्पट घ्या. नोंद चार ओळींची, सगळ्यांना सारखी. मागच्या आठवड्यात झालेल्या एखाद्या कार्यक्रमावर दोन-तीन वाक्यांची टिपणी जरूर लिहा, कार्यक्रम चांगला झाला की फसला, गर्दी कशी होती. फक्त ती आयोजकाने लिहून आणलेली नको. ‘रसिकांची मने जिंकली’ हे वाक्य दिसलं की वाचक ओळखतो की ते कुणी लिहिलंय.

सोमवारी जमवलेल्या नोंदींना पान सोडायच्या दिवशी दुपारी परत एकदा फोन करायचा. तमाशाची तारीख बदलते, पाऊस येतो, गावात कुणी गेलं की करमणुकीचा भाग रद्द होतो आणि नुसती पालखी निघते. दुसऱ्या फोनला उत्तर मिळालं नाही तर नोंदीखाली ‘खात्री करून जावे’ असं लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच पानाचा सगळा दम आहे.

म्हणून माणूस कसा हवा, तर फोनवर न चिडणारा. तुमच्या गावोगावच्या बातमीदारांना हे देऊ नका. बातमी आणायची आणि त्याच गावातून जाहिरातही मागायची ही तालुका पातळीवरची जुनी पंचाईत आहे. कमिशन बातमीदाराच्या हातात असलं की ज्या सरपंचाने शुभेच्छांची जाहिरात दिली त्याच्या गावच्या गटाराची बातमी येत नाही. बातमीदारांना बातम्याच आणू द्या. पानासाठी अर्धवेळ कुणीतरी बसवा. निवृत्त पोस्टमास्तर असोत, गृहिणी असो की कॉलेजची मुलगी, पण अक्षर नीट हवं आणि आडनावं-गावं माहीत हवीत. त्या व्यक्तीकडे एक जाड वही द्या. प्रत्येक यात्रा कमिटीच्या दोन माणसांचे नंबर, तिथी आणि गेल्या वर्षी काय काय झालं ते तिच्यात लिहायचं. दुसऱ्या वर्षी निम्मं पान त्या वहीतून उभं राहतं.

सुरुवात गुढीपाडव्याच्या अंकापासून करा, म्हणजे पुढचे दोन महिने यात्रांनी पान भरलेलं राहील. पहिल्या अंकात जागा उरली तर खोट्या जाहिराती बनवून भरू नका. गावात ते दोन दिवसांत कळतं. त्या जागी एस.टी.चं वेळापत्रक छापा.

राहिली वसुली. छोट्या जाहिरातीचे पैसे रोख किंवा फोनपेवर, छापण्याआधी. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र कार्यकर्ते देतात आणि पैसे ‘साहेबांकडून घ्या’ म्हणतात. साहेब म्हणतात, मी कुठे सांगितलं होतं? तिथे फोटो ज्याचा मोठा त्याचं नव्हे, तर जाहिरातीवर ‘शुभेच्छुक’ म्हणून ज्याचं नाव पहिलं त्याचं बिल, आणि निम्मे पैसे आधी. अंक गुरुवारी निघत असेल तर जाहिरात बुधवारी दुपारी चारपर्यंत. चारनंतर आलेली पुढच्या अंकात, मग आणणारा आमदारांचा भाचा असला तरी.